टँकरवाल्याचा सेन्सर

चढणीच्या ऐन मध्यावर आमच्या ट्रकनं मान टाकली. इंजिन चालू होतं, पण ओढेना. मामानं एक्सलेटर पार तळाशी दाबला, तरी ट्रक आपला कण्हत, कुंथत... शेवटी त्यानं तो कडेला घेतला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि मागे जाळ्या लावलेल्या मधमाश्यांच्या पेट्या. आई आणि मी मिळून वाढवलेल्या. घर चालायचं ते त्यांच्यावरच. ऊन चढायच्या आत त्या सूर्यफुलांच्या शेतात पोचायला हव्या होत्या. चालत्या ट्रकमध्ये वारा खेळतो. उभ्या ट्रकमध्ये माश्या आतल्या आत उकडून मरतात.

मी जाळ्यांवर पाणी शिंपडत होते, तेवढ्यात वरून येणारा एक टँकर समोर थांबला. आमच्याच मॉडेलचा. त्यातून उतरलेला तरुण दोन पावलं पुढे आला आणि जागीच खिळला.

"या... मधमाश्या आहेत?"

"नाही, कोकरं आहेत," मी वैतागून म्हणाले.

"मोकळ्या?"

"दोन-चार असतील बाहेर. त्यांना तुमच्यात काही रस नाही."

"बरं झालं सांगितलंत. मी उगाच स्वतःला गोड समजत होतो."

मला हसू आलं नाही. म्हणजे, आलं – पण मी पाठ फिरवली.

मामानं आणि त्यानं केबिन पुढे कलंडवली. त्यानं मामाला एक्सलेटर द्यायला सांगितलं आणि कान लावला. "ऐकू येतंय? फुस्स... हवा निसटतेय." टर्बोनं दाबलेली हवा जिथून इंजिनात शिरते तिथे बोटभर भोक होतं, आणि शेजारी एक वायर तोंड वासून लोंबत होती.

"इथे हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो," तो म्हणाला. "बोल्ट ढिला होऊन गळून पडलाय. दाब कळत नाही म्हणून इंजिन बिचारं हात आखडता घेतंय."

"भोक बुजवलं तर?" मामानं विचारलं.

"हवा थांबेल. पण भरल्या गाडीला ही चढण नाही जमायची."

आम्ही रस्त्याच्या कडेनं मागे शोधत गेलो. गवतात, खडीत, गटारात... मध्येच तो थबकला.

"तुमच्यातली एकजण माझ्याकडे आलीय."

त्याच्या मनगटावर माशी बसली होती. मी ती बोटावर घेऊन अलगद उडवली. त्याच्या हाताला डिझेलचा वास होता, आणि नाडी – बाई गं, नुसती धावत होती.

"गेली. आता श्वास घ्या."

"घेतो... तुम्ही जरा लांब झालात की."

सेन्सर काही सापडला नाही. परत आलो तर पेट्यांमधला आवाज बदललेला. गुणगुण जाऊन एकसारखी घरघर लागली होती. मी मोठ्या धिटाईची, पण माझे डोळे भरून आले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेट्यांकडे पाहिलं, आणि जाऊन स्वतःच्या टँकरची केबिन कलंडवली. थोड्या वेळानं तो आला तेव्हा त्याच्या तळहातावर सेन्सर होता.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"माझा टँकर रिकामा, रस्ता उताराचा. नुसता घरंगळत जाईन."

त्यानं आपल्या इंजिनाचं भोक रबर कोंबून तारेनं आवळलं आणि सेन्सर आमच्या ट्रकला बसवला. मामानं गाडी चालू केली, आणि ट्रक असा गरजला की मी आभार मानायचे सोडून धावत केबिनमध्ये चढले. त्याचा फोन नंबर तेवढा घेतला.

एक पेटी गेली. बाकी सगळ्या वाचल्या. आधीच शेतावर पोचलेली आई सूर्यफुलांवर झेपावणाऱ्या माश्या बघत कितीतरी वेळ नुसती उभी होती.

आमच्या ट्रकला नवा सेन्सर बसला, तशी मी त्याचा परत करायला गेले. टँकर त्याच्या थोरल्या बहिणीचे होते. ती आवारात पाइप धरून एक टँकर धूत होती.

"तू ती मधवाली का?" तिनं विचारलं. "तुला काय म्हणाला, उतार आहे?"

"हो."

"त्या उतारानंतर मोठा घाट लागतो गं. मुंगीच्या पावलांनी चढला. मागच्या गाडीवाल्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. दिवस मावळता पोचला. उशीर का, विचारलं, तर म्हणे, वाटेत हवा छान होती."

तेवढ्यात तो हात पुसत आला. वाटभर घोकलेलं सगळं मी विसरले.

"खोटं बोललात तुम्ही."

"खरं सांगितलं असतं, तर घेतला असतात?"

"...नसता."

"मग?"

मी सेन्सर त्याच्या हातात ठेवला. "त्या दिवशी आभार मानायचे राहिले."

"राहू द्या की. एकदा मानलेत की संपलं. मग तुम्ही इकडे कशाला याल?"

"आई रोज पेट्या उघडताना तुम्हाला दुवा देते."

"आणि तुम्ही?"

ताईनं पाण्याचा पाइप मुद्दाम टँकरच्या पलीकडे नेला.

"मला..." मी त्याच्या हातातल्या सेन्सरकडे पाहिलं. "मला वाटतं, बरं झालं ट्रक बंद पडला."

त्यानं सेन्सर खिशात टाकला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग हळूच म्हणाला, "हे ताईसमोर नका बोलू. तिला वाटेल, सेन्सर मीच ढिला केला."

"मग पुन्हा कधी येऊ?"

"आता येऊ नकोस."

माझा चेहरा पडला असणार, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे, आता मी येतो. तुझ्या आईला भेटायला... आणि तुला."

मला म्हणायचं त्याचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं. मी त्याला काही सांगितलं नाही.

फक्त म्हणाले, "ये."