ताकाची रिकामी वाटी

मीठ

चंद्रावरच्या शीतलवाडीत सगळ्यांत जास्त भाज्या कोण खातं? केतकीचे आजोबा.
मग चालताना पाय कुणाचे लटपटतात? आजोबांचेच.

केतकीला हे कोडं सुटत नव्हतं आणि सोडवायची तर घाई होती. पुढच्या यानाने डॉक्टर येणार होत्या. आजोबांना सरळ चालता आलं नाही, तर त्याच यानातून त्यांना पृथ्वीवर परत जावं लागणार होतं. वसाहतीचा नियमच तसा होता. आई दिवसभर बर्फाच्या खाणीत. म्हणजे आजोबा गेले की केतकीला जेवायला सोबत फक्त पळीची.

पळी म्हणजे स्वयंपाकघरातली रोबो. एका हाताच्या टोकाला पळी, म्हणून तेच नाव.

लिंबू

आजोबा, म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. मोरेश्वर लिमये. वसाहतीची काचेतली बाग त्यांच्याच हातची. चंद्रावरसुद्धा ते ताट रीतसर मांडायचे: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भात. ही गोष्टही त्याच क्रमाने वाढली आहे.

"लिंबाऐवजी गोळी चालेल," पळी म्हणाली. "क जीवनसत्त्व तेच."

"तेच, हे मान्य," आजोबा म्हणाले. "लिंबातला रेणू (पदार्थाचा अगदी लहानसा कण) आणि कारखान्यातला रेणू, दोघांत तसूभर फरक नाही. पण लिंबू एकटं येत नाही, पळीबाई. सगळं गणगोत घेऊन येतं."

चटणी

"मग मी गोळ्याच घेते. चावावं लागत नाही," केतकीने कोशिंबीर हळूच बाजूला सारली.

"घे की. आणि रोज सकाळी संडास अडवून बस."

"आजोबा, जेवताना?"

"बाहेर रांग मी लावतो, तू नाही."

कोशिंबीर

आजोबांनी गाजराचा एक कीस उचलून दिव्यासमोर धरला. "हे धागे बघ. यांना तंतू म्हणतात (भाजीचा न पचणारा भाग). ते पोट साफ ठेवतात, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खाऊ पुरवतात. तुझ्या गोळीत ते नाहीत. आणि हा केशरी रंग आहे कॅरोटीनचा (यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं). त्याला आतड्यातून रक्तात जायला तेलातुपाचा हात धरावा लागतो. म्हणून वर तेलाची फोडणी. तू गोळी घेतेस उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग ती बिचारी आली तशीच जाते, बरीचशी."

केतकीने एक घास खाल्ला. वाईट नव्हता.

भाजी

पालक आणायला आजोबा उठले आणि टेबलाचा कोपरा धरूनच उभे राहिले.

"पुन्हा मुंग्या?" केतकीने विचारलं.

"पाय बधिर झालाय जरा. बसून बसून होतं असं."

"रक्त द्या, मी तपासते," पळी म्हणाली.

"माझ्या अंगात पालक वाहतो. तुझी सुई राहू दे. तू काहीतरी कमी काढशील आणि गोळ्यांचा डबा पुढे करशील."

केतकी मनात हिशोब मांडू लागली. जी गोळ्या खाते ती धडधाकट, आणि जे बाग खातात ते लटपटतात. आणि पृथ्वीवर तर आजोबा टेकडी चढायचे. तिथेही हेच ताट होतं.

हेच होतं?

ताक

(वाटी रिकामी आहे.)

भात

"आजोबा, ही वाटी कशाची?"

ताटाशेजारी ती रोज असायची. तिच्यात कधी काही वाढलेलं केतकीने पाहिलं नव्हतं.

"ताकाची. ताक प्यायल्याशिवाय मी कधी पानावरून उठलो नाही. इथे गाय कुठली? पण वाटी नसली की ताट उघडं वाटतं, म्हणून ठेवतो."

"म्हणजे इथलं ताट तिथल्यासारखं नाहीच," केतकी सावकाश म्हणाली. "ताकात असं काय असतं, जे तुमच्या बागेत नाही?"

आजोबांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच अस्तनी वर केली आणि हात पळीपुढे धरला.

"बी-बारा बघ," ते म्हणाले.

पळीने पाहिलं. फारच कमी होतं.

"बी-बारा हे जीवनसत्त्व मज्जातंतूंना लागतं (मेंदूचे निरोप अंगभर नेणाऱ्या तारा)," आजोबा केतकीला सांगू लागले. "ते झाडं बनवत नाहीत. जिवाणू बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणू ते करतात, तिथून ते दुधात येतं, ताकात येतं. शरीर ते यकृतात साठवतं आणि साठा काही वर्षं पुरतो. म्हणून इथे आल्या आल्या काही झालं नाही. आता साठा संपला. बागेवर रुसून उपयोग नाही, आणि मी गोळीवर रुसलो तोही मूर्खपणाच."

"गोळीतलं बी-बारा टाक्यांमध्ये जिवाणूंकडूनच करून घेतात," पळी म्हणाली.

"म्हणजे तिथेही शेतीच की," आजोबांचा चेहरा जरा खुलला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही सुईला हात लावू देत नव्हता."

ताक

डॉक्टर आल्या. आजोबा रेषेवरून चालले, थोडे वाकडेच. पण कारण सापडलं होतं आणि उपाय इथेच होता. आधी इंजेक्शनं, मग रोज गोळी. पाय सावकाश सुधारतील, डॉक्टर म्हणाल्या. यान आजोबांना न घेताच गेलं.

त्या दिवशी ताकाच्या वाटीत पळीने एक छोटी गोळी वाढली. आजोबांनी ती हसत घेतली. समोर केतकीने कोशिंबीर संपवली आणि पुन्हा मागितली.

"कधीतरी इथेही गाय येईल," आजोबा म्हणाले. "तोवर हे आमचं ताक."

"गाय आल्यावर मी काय करायचं?" पळीने विचारलं.

"ताक घुसळायचं."

"घुसळणं म्हणजे काय?"

केतकी उठली. तिने पळीचा मोकळा हात धरला, पळीचे दोन्ही हात एकमेकांसमोर आणले आणि रवीची दोरी आळीपाळीने ओढावी तसे ते मागेपुढे हलवू लागली.