चाऱ्याच्या शेडातली जागा

वाचून कुणी हसलं तरी चालेल. पण यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही. मी तिथं होते.

आणि हे रात्रीचं नाही. भर दुपारचं आहे.

मे २०१९. पाटोद्यापासून सात-आठ किलोमीटरवरचं आमचं गाव.

त्या वर्षी विहिरी मार्चमध्येच आटल्या. वैरण कुठंच नव्हती. म्हणून गावच्या दूध संस्थेनं मातीविना चारा करायचं ठरवलं. बांबू, हिरवी जाळी, प्लॅस्टिकचे ट्रे. एवढ्यावर शेड उभं राहिलं. मोड आलेला मका ट्रेमध्ये पसरायचा, दोन-दोन तासांनी फवारा मारायचा. आठ दिवसांत वीतभर हिरवागार चारा. वरच्या रांगेत थोडी मेथी, घरोघरी खायला. पाणी अगदी थोडं लागायचं.

शेड माझी चुलती, तुळजाकाकू, बघायची. फवारा माझ्याकडं.

बाहेर चव्वेचाळीस अंश. आत मात्र गार... अख्ख्या गावात तेवढीच एक गार जागा.

शेजारी साखराबाईचं पत्र्याचं घर. सत्तरी ओलांडलेली, एकटी. रोज दुपारी जाळीपाशी येऊन उभी राहायची.

"घडीभर पडू दे गं आत. पत्रा लई तापलाय."

"मावशे, बुरशी लागती," काकू म्हणायची. "मागच्या खेपेला सगळा मका फेकला. तू भाईरच बस."

खोटं नव्हतं. बुरशीचा चारा खाऊन दोन म्हशी आजारी पडल्या होत्या.

एक दिवस साखराबाई म्हणाली, "मी कशाला हात लावू? भुईवर पडते, आन् जाते."

काकूनं माझ्याकडं पाहिलं.

मी दाराला आतून तार पिळली.

साखराबाई जरा वेळ तशीच उभी राहिली. मग गेली.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही...

संध्याकाळी शेजारणीनं तिचं दार ढकललं. ती आत पडलेली होती. गेलेली. दाराचा पत्रा तेव्हाही हाताला पोळत होता.

त्यानंतरचा पाचवा दिवस. दुपारचा एक. मी फवाऱ्याचा पंप पाठीवरून उतरवला. काकू मका निवडत बसली होती.

कर्र...

ट्रेवर वजन पडलं की होतो, तसा आवाज.

आणि मग एक लांब सुस्कारा. उन्हातून आलेलं माणूस टेकल्यावर सोडतं ना, तसा.

आम्ही दोघी वाकलो. सगळ्यात खालची रांग विटांवर, भुईलगत होती. तिथला मका आडवा झाला होता. खांदा. कंबर. दुमडलेले गुडघे...

कुशीवर निजलेल्या बाईएवढी जागा.

कुणीच नव्हतं.

"शेळी शिरली आसंल," काकू म्हणाली.

दाराची तार आतून पिळलेलीच होती.

आम्ही तो चारा काढला. ट्रे धुतले. नवा मका पसरला. दोन-तीन दिवसांत कोंब वर आले. सगळीकडं आले.

तेवढ्या जागेत नाही.

मी तिथं फवाऱ्यावर फवारा मारला. दाणे कोरडेच...

काकू हट्टी बाई. म्हणाली, "उद्या मीच तिथं पडून बघते."

दुसऱ्या दिवशी ती पोतं अंथरून त्या ट्रेंना लागून आडवी झाली. मी जाळीबाहेर उन्हात उभी. पाच मिनिटं गेली. दहा गेली. काही नाही.

कर्र...

मग पुन्हा सगळं शांत.

काकू बाहेर आली तेव्हा तिचा एक खांदा ओलाचिंब होता. त्या दुपारी मी पंपाला हातही लावला नव्हता.

"काय झालं, काकू?"



"तिनं सरकून जागा दिली मला," ती म्हणाली.

मी तिचा खांदा पुसायला गेले, तिनं माझा हात बाजूला सारला.

"नरडं धरलं आसतं तर बरं झालं आसतं गं," ती म्हणाली, आणि तिथंच भुईवर बसली.

त्याच संध्याकाळी तिनं संस्थेच्या लोकांना बोलावलं. बारा ते चार शेड म्हाताऱ्या माणसांना उघडं ठेवा, म्हणाली.

चेअरमन बंकटराव म्हणाले, "आन् बुरशी लागली मग?"

"लागू द्या."

दुसऱ्या दिवसापासून दार सताड उघडं. आत पोती अंथरली. पाण्याचा माठ भरून ठेवला.

कुणीच आलं नाही.

गावभर बातमी फिरली होती. म्हातारी माणसं पत्र्याखाली भाजत पडून राहिली, पण शेडाकडं कुणी फिरकलं नाही. जूनमध्ये बिभीषणनाना गेले. तेही उन्हानंच. त्यांच्या घरापासून शेड पन्नास पावलांवर होतं.

दार उघडं, आणि आत रोज दुपारी एकला तो सुस्कारा...

चारा मात्र जोरात आला. त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत बुरशी एकदाही लागली नाही.

शेड मोडून आता बरीच वर्षं झाली. तिथं मोकळी जागा आहे, लोक मधूनच वाट काढतात. माहेरी गेले की मलाही तिथून जावं लागतं.

दुपार असली तर मी कडेकडेनं जाते. कुणी निजलेलं असलं, तर पाय लागू नये.