तलावात जे हललं नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या आत्याने हे डोळ्यांनी पाहिलंय.

हिवाळ्यातली शनिवारची संध्याकाळ. पोहण्याचा बंदिस्त तलाव. अर्धे दिवे बंद पडलेले.

आत्या फोटोग्राफर. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, तिथे मुलांना सूर मारायला शिकवायचे. त्यांची मुलगी चिमणी स्पर्धेला निघाली होती. तिचे फोटो हवे होते.

"ताई, फ्लॅश मारू नकोस हं. पोरीचे डोळे दिपले तर आपटेल."

"मला शिकवतोस होय रे?" आत्याने हसत हायस्पीड रोल भरला. अंधुक उजेडातही तो भागवून नेतो.

बाकावर शिट्टी धरून बसलेले काका... शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर. एकमेकांना ढकलणारी ओली पोरं... सव्वाशेवर. चिमणीच्या सुरांना मात्र थेट पाचशे, आणि अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, सताड उघडं. थेंब न् थेंब हवेत गोठायला हवा.

सराव संपला. सगळे कपडे बदलायला गेले.

आत्या एकटीच उरली.

आणि...

धप्प!

मागे पाण्यात कुणीतरी उडी मारली.

ती गर्रकन वळली. कुणीच नाही. फक्त लाटा... मधोमधून काठाकडे येणाऱ्या.

"बास झाला हं चावटपणा!"

सगळ्या पोरांचा कलकलाट तर आतल्या खोलीतून येत होता...

पंप असेल, तिने मनाला समजावलं. लाटा मात्र छान दिसत होत्या. तिने कॅमेरा स्टँडवर लावला, अॅपर्चर बारीक केलं, शटर संथ ठेवलं आणि शेवटचा फोटो काढला.

सकाळी घरी रोल धुतला.

संथ शटरमध्ये हलणारं सगळं पुसट होतं. लाटांचं नुसतं धुकं झालं होतं.

पण मधोमध एक डोकं होतं...

लख्ख. केस न् केस दिसणारं.

एवढ्या हिंदकळत्या पाण्यात ते जराही हललं नव्हतं.

तिने सुरांचे फोटो पाहिले. चिमणी हवेत. आणि खाली, पाण्यातून वर आलेले दोन तळवे...

झेलायला धरावेत तसे.

रविवारचा सराव सकाळीच असायचा!

तिने फोन लावला. वाजत राहिला... कुणी उचलेना. ती तशीच धावत सुटली.

काठावर चिमणी टॉवेलात गुरफटून बसली होती. शेजारी काका, कपड्यांसकट ओलेचिंब.

"आत्या, खालून कुणीतरी झेललं मला," चिमणी म्हणाली. "सोडतच नव्हतं."

आत्याने काकांकडे पाहिलं.

"मी ओढत होतो ना, ताई... तेव्हा पलीकडूनही ओढ लागत होती."

तलाव उपसला. तळाला काही म्हणजे काही नव्हतं. काकांनी मात्र ते काम सोडलं ते कायमचं.

चिमणी आता लग्न होऊन आपल्या संसारात सुखी आहे. पाण्याच्या आसपास फिरकत नाही, एवढंच.

परवा आत्या तिच्याकडे मुक्कामाला होती. पहाटे कुजबुज ऐकू आली, म्हणून तिने दार लोटलं. चिमणी गाढ झोपेत होती. गालातल्या गालात हसत होती.

"आले हं..." ती कुणालातरी लाडाने सांगत होती. "थांब ना जरा..."

तिला उठवायचं धाडस आत्याला झालं नाही.