रिकामं आकाश

धडक झाली ती वेधशाळेतल्या वळणावरच! ती तरातरा कंट्रोल रूमकडे निघालेली आणि तो समोरून द्रव नायट्रोजनचं भांडं ढकलत आलेला. भांड्याच्या तोंडातून पांढरी वाफ फुसफुसली... ती किंचाळलीच.

“अहो, आग नाही ही, थंडी आहे,” तो हसला. “कॅमेऱ्याचं दुपारचं जेवण.”

दुर्बिणीचा अवरक्त कॅमेरा आकाशातली उष्णता टिपायचा, म्हणून त्याला स्वतःला कायम गारठवून ठेवावं लागे. ते काम याचं, म्हणून हा थंडोबा. आणि ती म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या मागे लागलेली, म्हणून धूळबाई. महिनाभर एकाच मेसमध्ये जेवत होते दोघं, पण बोलणं? छे!

आज मात्र त्याला बघताच तिने नजर चुकवली. सकाळीच तिने वेधशाळेच्या प्रमुख मॅडमना फोनवर सांगून टाकलं होतं — कॅमेरा बिघडलाय. संध्याकाळी मॅडम येणार होत्या. त्या कुणाची गय करत नसत. याची नोकरी गेली तर...

“चेहरा का पांढराफटक पडलाय?” त्याने विचारलं.

“माझा तारा...” ती चाचरली. “म्हातारपणी तो अंगावरचे थर उधळतो, त्यांची धूळ होते, तिचं कवच बनतं. ते असायलाच हवं! आणि चित्रात काहीच नाही. तारा नुसता उघडाबोडका.”

“दाखवा तरी.”

कंट्रोल रूममध्ये तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. चित्र उघडताना तिने उगाचच केस सावरले.

“आकाशाची स्वतःची उष्णता कशी काढलीत?”

“नेहमीसारखीच. शेजारच्या रिकाम्या आकाशाचं चित्र घेतलं आणि ताऱ्याच्या चित्रातून वजा केलं.”

“शेजारचं म्हणजे... किती शेजारचं?”

ती एकदम चित्रावर झुकली. कवच तिच्या अंदाजापेक्षा मोठं असेल तर? मग तिचं रिकामं आकाश धुळीतच होतं की! धुळीतून धूळ वजा केल्यावर उरणार काय — कप्पाळ!

अवरक्तात दिवसाही काम चालतं. दोघांनी दुर्बीण वळवली, या खेपेला लांबचं, खूप लांबचं आकाश घेतलं. मग नुसती वाट बघणं. हळूहळू स्क्रीनवर ताऱ्याभोवती एक फिकट कडं उमटलं... रुंद, केवढं रुंद!

“आलं!” तो ओरडला.

तिचा मात्र आनंद तिथेच विरला. म्हणजे कॅमेरा ठणठणीत होता.

“ऐका ना... मी मॅडमना तुमच्याबद्दल—”

“माहितीये. सकाळीच झापलंय त्यांनी मला.”

“आणि तरी मदत केलीस?” तिने जीभ चावली. ‘तू’ म्हणून बसली होती!

तेवढ्यात दार उघडलं. मॅडम! पळून जावंसं वाटलं, पण ती उभी राहिली. “मॅडम, कॅमेरा चांगला आहे. चूक माझी. मी आकाश चुकीचं घेतलं.”

मॅडमनी स्क्रीन पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे एवढे दिवस वाया! दुर्बिणीचा पुढचा वेळ तुला द्यायचा की नाही, ते उद्या सांगते.” आणि गेल्यासुद्धा.

ती परत खुर्चीत बसली.

“वेळ नाही दिला तर...” तो हळूच म्हणाला, “तू जाशील इथून?”

“जावंच लागेल ना.”

“हं.” त्याने उगाच चष्मा पुसला. परत पुसला. “सकाळी मॅडम ओरडल्या, तेव्हा मला एवढी भीती नव्हती वाटली.”

तिने मान वर केली. तो टेबलाकडे बघत होता, कान लालबुंद.

“मग जाऊ देऊ नकोस,” ती म्हणाली... आणि आपण काय बोलून गेलो या विचाराने तिला अशी धडकी भरली, की तिने झटकन पाठ फिरवली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलांचा — जवळ... अजून जवळ.