डाव्या मानेची शीर

भागी दारातच थबकली. चपला काढायचंही तिला भान नव्हतं.

“बाय, माज्या जिव्यानं काय नाय केलं! पोलीस त्याला घेऊन गेले!”

खाजगी तपास करणाऱ्या मोनाली सावेने तिला बसवलं. तिचा सोबती मेहुल पाणी घेऊन आला.

भागीचा नवरा जिव्या पालघरजवळच्या माहीमला एकनाथ राऊतांच्या वाडीत कामाला होता. मालीशही करायचा. काल त्याने एकनाथची मान चोळली आणि एकनाथ जागीच कोसळला. उजवं अंग लुळं, वाचा बंद. गेल्याच आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

“त्यांच्या आदी धाकट्या भावाला, परतापशेठला चोळलं. त्यांना काय झालं? तेच हात ना?”

मेहुलला हे पटलं नाही. डोक्यात राग असला की तोच हात जड होतो.

पोलीस ठाण्यात जिव्या बोलला, “परतापशेठनीच बोलावलं. आदी स्वता बसले. त्यांची मान दोनी बाजूंनी चोळली. दादांच्या वेळी बोलले, नुसती डावी शीर दाबून धर, डोकं उतरंल.”

पालघरच्या इस्पितळात एकनाथची बायको दीपा उशाशी बसली होती.

“डोकं दुखायचं म्हणून भावजींनीच यांना डोक्याचा फोटो काढायला नेलं. घरी येऊन बोलले, समदं ठीक हाय. तसे दोघा भावांचे वाद होतेच. भावजींना वाडी विकायची, हे नाय म्हणायचे.”

बाहेर प्रताप येरझाऱ्या घालत होता. एका जागी त्याचा पाय ठरत नव्हता.

“डोक्याची तपासणी? मला काय ठाऊक! दवाखान्याचं सगळं वहिनी बघते. जिव्याला दोष देऊ नका. मलाही त्यानंच चोळलं. आमचं नशीब, दुसरं काय!”

‘गड्यासाठी जीव तुटतोय याचा,’ मेहुलच्या मनात आलं.

मोनाली मात्र दीपाला घेऊन तडक तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. परतली तेव्हा दीपाचा चेहरा दगडासारखा झाला होता. मोनालीने भागीसह सगळ्यांना एकनाथच्या खाटेपाशी बोलावलं.

“मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. मानेतली एक वाट अडली, तर दुसऱ्या बाजूचं रक्त त्या कड्यातून फिरून पोचतं. काहींच्या कड्यात जन्मापासूनच एखादा दुवा नसतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. एकनाथरावांचं कडं असंच तुटकं आहे. त्यात त्यांची डावी धमनी चरबीने अरुंद झालेली. ती दाबली तर दुसरी वाटच नाही.”

“म्हणजे हात तेच...” मेहुल पुटपुटला.

“पण डोकी वेगळी. तपासणीच्या दिवशीच डॉक्टरांनी बजावलं होतं, मानेला कुणाला हात लावू देऊ नका, ताबडतोब उपचार सुरू करा. एकनाथराव चक्कर येऊन बाहेर बाकावर पडले होते. आत हे ऐकणारा एकच माणूस होता. प्रतापराव, ‘मला काय ठाऊक’ असं तुम्ही का म्हणालात? स्वतःची मान दोन्हीकडून चोळून घेतलीत, मग भावाची नेमकी डावीच का? आधी तुम्ही बसलात ते संशय येऊ नये म्हणून.”

प्रतापचे ओठ हलले. “दादा, मला वाटलं, नुसता अंथरुणाला खिळशील... वाडीच्या कागदांवर सही मी...”

त्याने भावाचा डावा हात धरला. एकनाथने तो झिडकारला आणि कष्टाने तोंड भिंतीकडे वळवलं.

मेहुल दारात आडवा उभा राहिला. मोनालीने पोलिसांना फोन लावला.

दीपाने पदराने नवऱ्याचे डोळे पुसले. मग ती कोपऱ्यात उभ्या असलेल्या भागीकडे वळली.

“चल भागी, आपण जिव्याला घेऊन येऊ.”