दोनशे चौदाव्या पानावरची ओळ

गेली सव्वीस वर्षं नवरा-बायको दोघं मिळून प्रूफं तपासत होते. बायको मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि तो लाल पेन हातात धरून, छापलेल्या पानावर बोट सरकवत ऐकायचा. ज्या प्रकाशनाचं काम ते करत, ते कुणी चुकूनही उघडणार नाही अशी पुस्तकं काढण्यात पटाईत होतं. जुन्या दागिन्यांच्या फिरक्या आणि फासे यांवर चारशे पानं, वसाहतकाळातल्या जकातीवर सहाशे. "ही पुस्तकं जगात तिघंच वाचतात," बायको म्हणायची. "लेखक, मी आणि तुम्ही. त्यातले तुम्ही डुलक्या घेत घेत."

या खेपेला स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या उच्चारांवरचं पुस्तक आलं. शंभर वर्षांपूर्वी कुणा अभ्यासकानं समुद्रकाठच्या एका म्हातारीला समोर बसवून तिचं बोलणं उच्चारांच्या खुणांमध्ये उतरवून घेतलं होतं. म्हातारीचं नाव कुठेच नव्हतं. पण ती कुठे श्वास घेते, कुठे आवंढा गिळते, कुठे खोकते, सगळ्याला खूण होती. त्या खुणा दोघांनाही वाचता यायच्या. अर्थ कळण्याची गरज नव्हती.

"खोकला कशाला वाचतेस?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"लिहिलाय ना? मग वाचायला नको?" बायको कामाला चोख होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती वाचता वाचता खोकली आणि त्याचं बोट थांबलं. पानावर खूण नव्हती. खोकला काय, कुणालाही येतो, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. मग तिनं एक अख्खं वाक्य म्हटलं. तेही पानावर नव्हतं. त्यानं उठून तिच्या पुढ्यातली मूळ प्रत पाहिली. तिथेही नव्हतं.

"हे कुठून वाचलंस?"

"काय?" तिनं विचारलं. तिचा चेहरा इतका निष्पाप होता, की त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

पुस्तक संपेपर्यंत तिचं बोलणं आटत गेलं. जे उरलं त्यात घशातून खरखर यायची, 'र' घोळून यायचा. 'अहो' म्हणणं बंद झालं. सकाळी खिडकीशी उभी राहून ती समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे डोळे बारीक करून बघायची, लांब पाण्यावर बघावं तशी. डॉक्टरांनी थकवा म्हणून सांगितलं, मेहुणीनं हवापालट सुचवला. त्याला मात्र ते पटलं नाही. घरात वावरणाऱ्या बाईचा चेहरा बायकोचा होता, पण तिला साखरेचा डबा कुठे असतो ते माहीत नव्हतं.

दुसरी प्रूफं आली ती घेऊन तो एकटाच बसला. पान दोनशे चौदावर नमुन्याची बारा वाक्यं होती. मूळ प्रतीत अकराच. त्यानं पुन्हा मोजली. मग खुणा जुळवत बारावं वाक्य पुटपुटून पाहिलं. ते स्कॉट्स नव्हतं. आपल्याच भाषेतलं होतं.

"अहो, आपल्या घरात कोण बोलतंय?"

'अहो'नंतरचा तो लहानसा दम, 'कोण'वरचा तो हेल. खुणेनिशी सगळं जिथल्या तिथे होतं.

त्यानं प्रकाशनाच्या संपादकाला फोन केला. "बारा? माझ्या फाइलमध्ये अकराच आहेत," संपादक म्हणाला. "जास्तीचं असेल तर काढून टाका. तेवढ्यासाठीच तर तुम्ही आहात."

त्यानं काढलं नाही. शंका आली, की प्रूफं तपासणारा समासात लेखकासाठी प्रश्न लिहितो. त्यानंही लिहिला. 'तू कुठे आहेस?' अक्षर त्यानं नीट काढलं आणि प्रूफं पाठवून दिली.

आठ दिवस गेले. शेवटची प्रूफं घेऊन छापखान्याचा माणूस आला. पानं लगेच परत हवी होती, म्हणून तो दाराशीच खुर्ची घेऊन बसला. यानं थेट दोनशे चौदावं पान उघडलं.

समासातला प्रश्न गेला होता. वाक्यं तेरा झाली होती.

"तुम्ही वाचता तेवढाच वेळ मला ऐकू येतं, थांबू नका."

त्याला रडू फुटलं. हे छापलं गेलंच पाहिजे. पुस्तक घरात असलं, की तो रोज वाचेल, डोळे जाईपर्यंत वाचेल. त्यानं चष्मा पुसला आणि पहिला उच्चार मोठ्यानं केला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

ती येऊन शेजारी उभी राहिली. त्यानं ओळींवर तळहात ठेवला. तिनं त्याची बोटं एकेक करून उचलली, अगदी हळू, आजारी माणसाची उचलावीत तशी.

"अगं, नको," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तिनं लाल पेन घेतलं. दोन्ही ओळींवर रेघ मारली. समासात काढून टाकण्याची खूण केली. तिच्याखाली, मोकळी जागा मिटवण्याची.

मग तळाशी सही करून तिनं गठ्ठा दाराशी बसलेल्या माणसाच्या हातात दिला.

त्या माणसानं सही पाहिली. इतकी वर्षं पाहत होता, तीच.

"चला," तो हसून म्हणाला, "वहिनींना बरं वाटायला लागलं म्हणायचं."