कोच बदलून हवा

जळगावच्या त्या सभागृहात मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण रंगात आलं होतं, आणि माझी यशू खुर्चीवर नव्हती!

आईला ताप, म्हणून पोरीला सोबत आणलेलं. जिना, पाण्याची टाकी, रस्ता... एका क्षणात नको नको ते डोळ्यांपुढून गेलं. धावत बाहेर आले, तर व्हरांड्यात एका अनोळखी माणसाशेजारी बसून ती केळीचे वेफर्स खात होती.

"लहान मूल दिसलं तर आत आणून द्यायचं कळत नाही?" मी ओरडलेच.

"तिला विचारलं, आई कुठंय? म्हणाली, आत शिकतेय, त्रास देऊ नका." तो हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी नंतर.

जेवणानंतर मंचावरून त्याच माणसाची ओळख करून दिली — हे राजदीप सर, धुळ्याचे. धरणगाव तालुक्यातल्या नव्या मुख्याध्यापकांचे कोच. म्हणजे माझे. पदर नव्हता, म्हणून मी ओढणीच तोंडावर धरली.

महिन्यातून दोनदा तो शाळेत यायचा. कापसाच्या शेतांमधून, मोटरसायकलवर. मला वाटलं होतं, काहीतरी शिकवेल. पण छे!

"निंबा सर रोज उशिरा येतात," मी पहिल्याच दिवशी गाऱ्हाणं मांडलं. "माझ्या वडिलांच्या वयाचे. काय करू?"

"त्यांच्याशी कामाशिवाय शेवटचं कधी बोललात?"

"सर, मी उपाय विचारला."

"हो ना." आणि गप्प! नुसता बघत बसला, घाई नसल्यासारखा. त्या शांततेत मीच बोलत सुटले... आणि बोलता बोलता मला ऐकू आलं, की मी त्यांना फक्त वेळच विचारत असते.

दुसऱ्या दिवशी निंबा सरांसोबत चहा घेतला. कळलं, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं आवरून ते निघतात. परिपाठ मी घेते म्हटलं, शेवटचा तास त्यांनी मागून घेतला. महिन्याभरात शाळा कशी हलकी झाली.

आणि मी? यशू पाळण्यात असताना मी नवऱ्यापासून वेगळी झाले होते. तेव्हापासून कुठल्याही माणसाच्या चपला दाराशी दिसल्या की मी आधी यशूला जवळ घेते. पण हल्ली राजदीप सर यायच्या दिवशी मी ओढणी दोनदा बदलायचे.

एकदा त्याच्या केसांत कापूस अडकला होता. माझा हात उचलला गेला — आणि हवेतच राहिला.

"काय?" तो हळूच म्हणाला.

"काही नाही... कापूस."

"मग काढा ना."

काढला. बोटांना नंतर कितीतरी वेळ काही सुचेना.

घरी आईला मी सगळं सांगायचे. तिनं तर सरळ विचारलं, "पोऱ्या चांगला शे. पन त्याले इचारताच येस का? सांगता येत नही?"

त्या रात्री ठरवलं. सकाळी धुळ्याला दिपमाला मॅडमना फोन लावला. कोचच्या नेमणुका त्या करायच्या.

"मॅडम, मला कोच बदलून हवा."

"का गं? त्रास दिला का त्यानं?"

"नाही हो! जवळच्या माणसाला कोच ठेवत नाहीत ना... म्हणून."

पलीकडून खुदकन हसू. "त्याला माहितीये?"

"नाही. कारण सांगू नका."

आणि त्यांनी खरंच सांगितलं नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत तो दारात उभा. दाढी वाढलेली, हेल्मेट छातीशी.

"माझं काय चुकलं, मॅडम? जास्त गप्प बसलो? की... जास्त बघितलं?"

"बघत होतात?"

कान लाल झाले त्याचे. "म्हणून बदललंत ना? बरोबर आहे. माफ करा." तो वळला.

हा गेला तर परत यायचा नाही, हे मला लख्ख कळलं.

"राजदीप! कोच जवळचा माणूस नसावा, असा नियम आहे ना? मी नियम पाळला."

तो थांबला. वळायला त्याला फार वेळ लागला. चेहऱ्यावर मात्र सगळं उजाडलं होतं.

"पण मी एकटी नाहीये," मी घाईनं म्हणाले. "यशू आहे. तिला तुम्ही नको झालात, तर मी तिचीच बाजू घेईन."

"घ्यायलाच हवी." यावेळी तो गप्प बसला नाही. "प्रज्ञा, तुम्ही मला आवडता. यशू रुसली तर रुसेल, मी दाराबाहेर बसेन. तिनं आत बोलवेपर्यंत."

माझे डोळे भरले. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हणाले, "उद्या घरी भरीत आहे. पिंप्राळ्याला या. आईचं तिखट असतं."

"अहो, मी धुळ्याचा आहे! तिखटाला भितो होय?"

हे तो इतक्या मोठ्यानं बोलला की अख्खी चौथी खिडकीशी आली, आणि तिच्यामागे टाचा उंचावून निंबा सर.

मुख्याध्यापिका म्हणून मी सगळ्यांना जागेवर बसवायला हवं होतं. नाही बसवलं.